'द मार्शियन': पुस्तक घ्यावं की सिनेमा बघावा? बेळगावच्या उद्यमबागेतून एक मत

निकाल आधी सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. अँडी वीअरची 'द मार्शियन' ही कादंबरी आणि तिच्यावर रिडली स्कॉटनं काढलेला सिनेमा, दोन्ही पैसे वसूल आहेत. पण ज्यानं कधी हातात ड्रिल धरलंय, मल्टिमीटर लावलाय किंवा शेतात बियाण्याचा हिशेब घातलाय, त्यानं पुस्तक आधी वाचावं. सिनेमानं उत्तरं तेवढी ठेवलीत आणि मधली आकडेमोड खोडून टाकलीय. शिवाय पुस्तकातला सगळ्यात खरा प्रसंग कात्री लावून काढलाय, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपच्या टूलरूममध्ये आहे. व्हॉल्व्हच्या बॉड्या, हायड्रॉलिकचे ब्लॉक, फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, हे रोजचं काम. घर कुद्रेमानीकडं, तालुका बेळगाव आणि हाकेवर महाराष्ट्रातलं चंदगड. शेतात पावसाळी बटाटा आणि रताळी असतात, ती भाऊ आणि आई बघतात. मंगळावर अडकलेला माणूस बटाटे लावतो आणि यंत्रं उघडून दुरुस्त करतो, ही गोष्ट माझ्यापर्यंत पोचली नसती तरच नवल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहा जणांची तुकडी मंगळावर उतरते. सहाव्या दिवशी वादळ होतं, मार्क वॉटनीला उडालेल्या अँटेनाचा तुकडा लागतो, तो मेला असं समजून बाकीचे निघून जातात. तो जिवंत असतो. राहायची जागा, म्हणजे 'हॅब', 31 दिवसांसाठी बांधलेली. पुढची मोहीम येईल तेव्हा ती 3,200 किलोमीटरवर उतरणार. तोवर खायचं काय, प्यायचं काय आणि तिथवर जायचं कसं, एवढीच कादंबरी आहे. खलनायक नाही, परग्रहावरचा प्राणी नाही, प्रेमप्रकरण जवळजवळ नाहीच.

वीअर मुळात प्रोग्रॅमर. त्यानं ही गोष्ट आपल्या वेबसाइटवर प्रकरण-प्रकरण करून टाकली, 2011 साली किंडलवर 99 सेंटला ठेवली, ती तुफान खपली, मग 2014 मध्ये छापील पुस्तक आलं. त्याच 2014 च्या सप्टेंबरात आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेलं. सिनेमा 2015 च्या ऑक्टोबरात लागला. वेबसाइटवर प्रकरणं टाकत असताना जाणकार वाचक त्याच्या चुका काढायचे आणि तो दुरुस्त करायचा, हे पानोपानी जाणवतं. प्रत्येक आकड्यावरून कुणीतरी आधी पट्टी फिरवून गेलंय असं वाटतं.

आता बटाटे. सिनेमा मी घरी लावला तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. इंग्रजी तिला कळत नाही, पण पडद्यावर मातीत बटाट्याची फोड दिसली आणि तिचे हात थांबले.

"काय करुलालाय रे तो?"

"बटाटा लावुलालाय. मंगळावर."

"खायचा बटाटा लावलाय की! बियाणं कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. त्याच्याकडं थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी पाठवलेले थोडे अख्खे बटाटे असतात, पुस्तकात नेमके बारा. तेच कापून, फोडीला डोळे ठेवून तो लावतो. इथवर आईला मान्य. मग तिनं खताची चौकशी केली. खत माणसांच्याच विष्ठेचं, हे मी सांगितल्यावर तिनं भाजीचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून आवाज आला, "कच्चं घातलंय, हुमणी लागणार बघ." मंगळावर हुमणी नाही हे सांगितल्यावर ती जरा विचारात पडली. "हुमणी नाही, करपा नाही, डुक्कर नाही, दलाल नाही. मग पिकणारच की."

याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही. सिनेमात शेती खरंच अशी सोपी दिसते. माती आणली, पाकिटं फोडली, पाणी शिंपडलं, कोंब आला. कोंब वर येतो तो क्षण सुंदर घेतलाय, वॉटनी बोटानं त्या पानाला हात लावतो तेव्हा माझ्या आईनंही दारातून डोकावून बघितलं. त्यासाठी बुडापेस्टच्या स्टुडिओत खरे बटाटे वाढवले होते. पण पुस्तकात त्या कोंबाच्या आधी कितीतरी पानं हिशेब आहे. मंगळावरच्या मातीत जीवजंतू नाहीत, पृथ्वीवरून प्रयोगासाठी आणलेली थोडीशी माती आहे. ती विरजणासारखी लावायची, जंतू वाढले की त्यात अजून माती मिसळायची, परत थांबायचं, परत मिसळायची. हॅबची जमीन 92 चौरस मीटर. ती पुरत नाही म्हणून खाटांवर माती, टेबलावर माती, रोव्हरचे, म्हणजे मंगळावर फिरायच्या गाडीचे, तंबू जोडून त्यातही माती. किती चौरस मीटरला किती बटाटा, त्यातून किती उष्मांक, आणि ते पोटाला किती दिवस पुरणार. आमच्याकडं प्रत्येक घरात मिरगाच्या आधी अशीच बेरीज-वजाबाकी चालते, फक्त शेवटी उष्मांकाऐवजी सोसायटीचं कर्ज येतं.

अर्थात पुस्तकही शेतीत सगळं खरं सांगत नाही. नवीन काढलेला बटाटा लगेच परत लावला तर उगवत नाही, त्याला काही आठवडे झोप असते. म्हणून तर आपण शीतगृहातलं जुनं बियाणं आणतो. वॉटनी पहिल्या पिकातलेच बटाटे पुन्हा मातीत घालतो आणि ते मुकाट्यानं उगवतात. दुसरं म्हणजे मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, 2008 मध्ये फिनिक्स यानाला ते सापडले होते. ती माती धुतल्याशिवाय त्यातलं खाणं धोक्याचं. याबद्दल पुस्तकही गप्प आणि सिनेमाही गप्प. ज्या वादळानं गोष्ट सुरू होते ते तर होऊच शकत नाही. मंगळावरची हवा आपल्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ, तिथं कितीही जोराचा वारा सुटला तरी यान कलंडणार नाही. वीअरनं ते स्वतः कबूल केलंय, गोष्ट सुरू करायला त्याला वादळ हवं होतं. मी ते सोडून देतो. पहिला फासा लेखकानं टाकायचा असतो, त्यानंतर मात्र नियम मोडायचे नाहीत, आणि पुढं त्यानं फारसे मोडलेलेही नाहीत.

पाण्याचा भाग बघा. उतरताना वापरलेल्या यानाच्या टाकीत हायड्राझिन हे इंधन उरलेलं असतं. ते इरिडियम या धातूवरून सोडलं की नायट्रोजन आणि हायड्रोजन वेगळे होतात, हायड्रोजन ऑक्सिजनबरोबर जाळला की पाणी. सिनेमात हे तो कॅमेऱ्याकडं बघून सांगतो, पेटवतो, धडाम होतं, तो फेकला जातो, हशा. पुढच्या वेळी जमतं. पुस्तकात पाणी तयार होत राहतं आणि मग त्याच्या ध्यानात येतं की सगळा हायड्रोजन जळलेलाच नाही, तो हॅबमध्ये साठलाय. म्हणजे आपण ज्या घरात राहतोय तेच बॉम्ब झालंय. तिथून पुढची पानं मी शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच राहिला. हवेतला ऑक्सिजन काढून घ्यायचा, स्वतः मास्क लावायचा, मग थोडा थोडा ऑक्सिजन सोडत हायड्रोजन जाळायचा. पद्धत अगदी बिनचूक, आणि तरी स्फोट होतो, कारण मास्कमधून आपण बाहेर सोडलेल्या श्वासातही ऑक्सिजन असतो हे त्यानं धरलेलंच नसतं. सिनेमानं हे शेवटचं वाक्य ठेवलंय. पण ज्या काळजीनं त्यानं बाकी सगळं धरलं होतं ती दिसलीच नाही, तर एक गोष्ट निसटल्याचं दुःख बघणाऱ्याला कसं होणार? तिथं तो नुसता गमत्या माणूस वाटतो.

आता माझ्या रागाचं कारण.

1997 साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर नावाचं जुनं यान वॉटनी रोव्हरनं जाऊन उचलून आणतो, त्याला वीज देतो आणि त्याच्यामार्फत पृथ्वीशी बोलायला लागतो. हे दोन्हीकडं आहे आणि दोन्हीकडं छान आहे. पुस्तकात पुढं काय होतं? लांबच्या प्रवासासाठी रोव्हरच्या छताला मोठं भोक पाडायचं असतं. गॅस कटर नाही. म्हणून ड्रिलनं ओळीनं साडेसातशेच्या वर बारकी भोकं पाडायची आणि मधलं मटेरियल छिन्नीनं उडवायचं. आयटीआय केलेल्या कुणालाही विचारा, याला चेन ड्रिलिंग म्हणतात आणि पहिल्या वर्षी हात सोलून निघतात. हे काम चालू असताना एकदा तो ड्रिल टेबलाला टेकवून ठेवतो. त्या टेबलावर पाथफाइंडर. जिथून जायला नको तिथून करंट जातो आणि मिलिअँपवर जगणाऱ्या त्या यानाचं आतलं सगळं भाजून निघतं. पृथ्वीशी संपर्क तुटला.

ना वादळ, ना स्फोट, ना कुणाचा विश्वासघात. एक ड्रिल, एक टेबल. आमच्या धंद्यात मोठी नुकसानं अशीच होतात. आमच्याकडं एका नव्या पोरानं वेल्डिंगची अर्थिंग क्लॅम्प भलत्या जागी लावली आणि मशीनचं कंट्रोल कार्ड गेलं. आवाजही झाला नाही, फक्त स्क्रीन काळा पडला. त्या पोराचा चेहरा मला वॉटनीच्या त्या नोंदीत दिसला. इतकी साधी आणि इतकी महागडी चूक मी दुसऱ्या कुठल्या विज्ञान कादंबरीत वाचलेली नाही.

सिनेमात हे नाहीच. भोकं काही क्षणांत पडतात, छताचा तुकडा निखळतो, पाथफाइंडर शेवटपर्यंत ठणठणीत. पटकथा लिहिणाऱ्या ड्रू गोडार्डची अडचण मला कळते. संपर्क तुटला की पडद्यावर संवाद तुटतात, पृथ्वीवरचे कलाकार रिकामे बसतात, आणि वेळ आधीच सव्वादोन तासांच्या पुढं गेलेला. तरी नुकसान केवढं झालं बघा. पुस्तकात यानंतर वॉटनी खरा एकटा पडतो. दगड मांडून मोर्सच्या खुणांनी आपलं म्हणणं सांगू शकतो, उपग्रह ते वाचतात, पण उलट उत्तर यायची सोय नाही. मग तो प्रवासाला निघतो आणि समोर धुळीचं वादळ असतं. जमिनीवरून ते दिसतच नाही, उजेड रोज थोडाथोडा कमी होत जातो एवढंच. पृथ्वीवर सगळ्यांना ते उपग्रहातून स्वच्छ दिसतंय आणि कुणीही त्याला सांगू शकत नाही. हे वाचताना जीव नुसता टांगणीला लागतो. शेवटी सोलर पॅनेलची वीज घटतेय हे त्याच्या त्यालाच कळतं, तो वाटेत ठिकठिकाणी पॅनेल ठेवून वीज मोजतो आणि वादळाच्या कडा कुठं आहेत हे गणितानं काढून दक्षिणेकडं वळतो. पुढं उतारावर रोव्हर उलटतो, तोही त्यानंच सरळ करायचा. हा सगळा प्रवास सिनेमात गाण्यांवर आणि दूरच्या दृश्यांवर निघून जातो. बघायला गोड, अडचण एक नाही.

त्यात एक विनोदही लंगडा झालाय. वॉटनी म्हणतो, मंगळ कुणाच्या मालकीचा नाही म्हणजे तिथं समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा, आणि पुढच्या मोहिमेचं यान मी परवानगीशिवाय ताब्यात घेणार म्हणजे मी समुद्री चाचा. कुणाच्या हद्दीत कुठला कायदा, हा विषय आम्हाला शिकवावा लागत नाही. आमच्या गावाजवळ मोबाइलवर एका बांधाला कर्नाटक स्वागत करतं आणि पुढच्या बांधाला महाराष्ट्र. पुस्तकात हा विनोद चपखल बसतो, कारण संपर्कच नसल्यानं परवानगी देणार कोण? सिनेमात संपर्क जळालेलाच नाही, तिथं त्या वाक्याला आधार उरत नाही, तरी ते ठेवलंय.

एवढं बोलल्यावर सिनेमाच्या पदरात टाकायचं तेही टाकतो. पुस्तक बहुतेक वॉटनीच्या नोंदवहीतून येतं, आणि नोंद लिहिणारा माणूस वाचलेला असतो. भीती ओसरल्यावर तो लिहितो, आणि लिहिताना चेष्टा करतो. त्यामुळं पुस्तकात तो घाबरलेला जवळजवळ दिसतच नाही. काही पानांनंतर त्या चेष्टांचा कंटाळाही येतो, खरं सांगायचं तर. वॉटनी झालेल्या मॅट डेमनचा चेहरा ही उणीव भरून काढतो. हॅब फुटून सगळं पीक गोठून मेल्यानंतरची रात्र आहे. बाहेर वारा, भगदाडाला लावलेलं प्लास्टिक फडफडतंय, आणि हा टेबलाशी बसून उरलेले बटाटे मोजतोय, दर आवाजाला दचकतोय. पुस्तकात असं पान नाही. शेवटी वर जायच्या यानात बसल्यावर मित्रांचा आवाज कानावर पडतो आणि तो रडतो, तेही पुस्तकातल्या वॉटनीनं कधी कबूल केलं नसतं.

फक्त ते प्लास्टिक मला झेपलं नाही. आत पृथ्वीइतका दाब धरला तर दर चौरस मीटरला साधारण 10 टन बाहेर ढकलतायत. हायड्रॉलिकची टेस्ट बेंच चालवणाऱ्या कुणालाही दाखवा, ताडपत्री आणि चिकटपट्टी बघून तो खुर्ची मागं सरकवेल. त्यात ती आत-बाहेर फडफडते! पुस्तकात हॅबच्याच कापडाचं ठिगळ आणि त्यासाठीचं रेझिन आहे, ते निदान पटतं.

मंगळ मात्र बघावा तर सिनेमात. जॉर्डनच्या वादी रममध्ये चित्रण केलंय. वीअर वर्णनाच्या बाबतीत कोरडा माणूस, त्याच्या पुस्तकात मंगळ म्हणजे अंतर, उतार आणि तापमान. सिनेमात त्या तांबड्या कड्यांखाली रोव्हर मुंगीएवढा दिसतो तेव्हा 3,200 किलोमीटर म्हणजे काय ते पोटात कळतं. चालताना मात्र सगळे वजनदार पावलं टाकतात. तिथलं गुरुत्व आपल्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त आणि निम्म्याहून कमी, ते कुठं जाणवत नाही.

नासातल्या अधिकाऱ्याचं नाव पुस्तकात वेंकट कपूर आहे, सिनेमात व्हिन्सेंट कपूर झालं. चिवेटेल एजिओफोरनं काम उत्तम केलंय, तक्रार नाही. पण ही भूमिका आधी इरफान खानकडं आली होती आणि दुसऱ्या हिंदी सिनेमाच्या तारखांमुळं ती गेली, हे कळल्यापासून प्रत्येक प्रसंगात मला इरफानच दिसतो. नासाच्या बैठकीत डोळे अर्धवट मिटून "हो, पण त्याला जेवायला काय मिळणार?" असं काहीतरी तो कसं विचारेल, याची मी कल्पना करत बसतो.

शेवटाबद्दल बोललं तर मजा जाईल, तरी एक सांगतो. हातमोज्याला भोक पाडून हवेच्या जोरावर उडत जायची कल्पना पुस्तकातला वॉटनीही मांडतो आणि कमांडर लुईस ती सरळ उडवून लावते. तो पुस्तकातला माझा आवडता नकार. टूलरूममध्ये असा एक माणूस लागतोच जो म्हणतो, हे चालणार नाही, दुसरं काढ. सिनेमात तोच बिनकामाचा बेत खरा करून दाखवलाय, आणि वॉटनीला पकडायला तुकडीतल्या बेकऐवजी खुद्द लुईस बाहेर जाते, सगळ्या जहाजाची जबाबदारी डोक्यावर असताना. जेसिका चेस्टेनसाठी प्रसंग हवा होता, तो मिळाला. त्यावर पृथ्वीवर परतल्यानंतरचा, विद्यार्थ्यांना शिकवण्याचा एक तुकडा जोडलाय, जो पुस्तकात नाही आणि ज्याची गरजही नव्हती.

सिनेमाला ऑस्करची सात नामांकनं होती, मिळालं एकही नाही. गोल्डन ग्लोब मिळाला तो विनोदी सिनेमांच्या गटात, आणि तेव्हा यावरून बरीच थट्टा झाली. मला तो गट चुकीचा वाटत नाही. बटाट्याशिवाय काही खायला नसलेला माणूस लुईसच्या मागं राहिलेल्या डिस्को गाण्यांना शिव्या घालत सव्वादोन तास काढतो, याला दुसरं काय म्हणणार?

कुणी काय घ्यावं ते सांगतो. घरात सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर सिनेमा. मुलं, आई, सगळे बसतात, इंग्रजीचं अडत नाही, चित्रावरून कळतं. टूलरूममधल्या नव्या पोरांना मी पुस्तक देतो आणि सुरुवातीपासून वाचा असं सांगत नाही, पाथफाइंडरपासून ड्रिलपर्यंतचा भाग खूण घालून देतो. भाषा सोपी आहे, वाक्यं आखूड, अडतील ते शब्द बहुतेक आपल्या शॉपमधलेच. पावणेचारशे पानांच्या आसपास आहे, जुन्या पुस्तकांत सिनेमाच्या चित्राची प्रत अजून मिळते. आमच्या सीमाभागातल्या एखाद्या साहित्य संमेलनात यावर परिसंवाद ठेवला तर मी स्वखर्चानं येईन. फक्त पहिलीच ओळ शिवीनं सुरू होते, त्यामुळं व्यासपीठावर वाचायचं असेल तर दुसऱ्या पानापासून घ्या.